नाणी बोलतात : सूर्याचं नाणं आणि नदीतले दोन राजपुत्र

मुलांनो,

या सदरात आजवर आपण शिवराई पाहिली, ढब्बू पैसा पाहिला, भोकाचा पैसा पाहिला. सगळी तांब्या-पितळेची मंडळी. त्यामुळे सातवीतल्या एका वाचकाने पोस्टकार्डावर जरा रागावूनच विचारलं आहे, "बाई, सोन्याच्या नाण्याबद्दल कधी लिहिणार? आणि मोठी माणसं राजांची सोन्याची नाणी जमवतात म्हणजे नेमकं काय करतात? नुसती डबीत ठेवतात का?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आज एकदम लांबची उडी. फ्रान्स देश, आणि काळ सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा, ज्याला तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात 'प्रबोधनयुग' म्हटलंय तो.

पण निघण्यापूर्वी आईच्या पर्समधून दोन नाणी मागून घ्या. (मागून घ्या म्हटलंय, काढून घ्या नव्हे!) एक, २०११ पासून निघालेला छोटा स्टीलचा रुपया. दुसरं, त्याच मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं. रुपयाचं वजन ३.७९ ग्रॅम आहे. दोन रुपयांच्या नाण्याची रुंदी २५ मिलिमीटर. आता आपला आजचा पाहुणा रुंदीला त्या दोन रुपयांएवढा किंवा किंचित मोठाच आहे, पण वजनाला रुपयाहूनही हलका, साधारण ३.४ ग्रॅम. आणि सोनं तर स्टीलच्या जवळजवळ अडीचपट जड असतं. मग हे नाणं किती पातळ असेल? लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढं! बोटांत धरून जोर दिला तर वाकेल असं.

या नाण्याचं नाव एक्यू. फ्रेंच भाषेत एक्यू म्हणजे ढाल. नाण्याच्या छाप्यावर ढाल असते, ढालीवर लिलीची तीन फुलं, ढालीच्या वर मुकुट आणि मुकुटाच्याही वर एक चिमुकला सूर्य. त्या सूर्यामुळे याचं पूर्ण नाव पडलं 'सूर्याचा एक्यू'. अकरावा लुई नावाच्या राजाने १४७५ साली हे नाणं सुरू केलं आणि त्याच्यामागून आलेल्या राजांनी ते शंभराहून अधिक वर्षं चालू ठेवलं. काट्याच्या बाजूला फुलांच्या टोकांचा क्रूस असतो आणि भोवती लॅटिन भाषेतला मजकूर : ख्रिस्त जिंकतो, ख्रिस्त राज्य करतो, ख्रिस्त आज्ञा देतो. सोनं २३ कॅरटच्या आसपास, म्हणजे आपल्या सराफाकडच्या नेहमीच्या २२ कॅरट दागिन्यांपेक्षा सरस.

आता तुमच्या रुपयावर आहे आणि या नाण्यावर नाही, अशी एक गोष्ट शोधा बरं.

किंमत! एक्यूवर 'इतक्याचं नाणं' असं कुठेच लिहिलेलं नाही. हिशेब ठेवायचा तो लिव्र, सू आणि दनिए यांत. १२ दनिएचा एक सू, २० सूंचा एक लिव्र. आपल्याकडे १९५७ पर्यंत १२ पैंचा एक आणा आणि १६ आण्यांचा एक रुपया होता, तसलाच प्रकार. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, त्यांनी लहानपणी आणे-पैची गणितं सोडवली असतील किंवा ती चुकल्याबद्दल छड्या तरी खाल्ल्या असतील. तर एका एक्यूचे सू किती, हे राजा फर्मान काढून ठरवी. १४७५ मध्ये ३३ सू. १५३३ मध्ये ४५ सू. १५७७ मध्ये ६० सू. नाणं साधारण तेच, सोनंही जवळजवळ तेवढंच, पण भाव चढत गेला. व्यापाऱ्यांना हे वरचेवर नवीन पाठ करावं लागे.

ही नाणी घडवायचे हाताने. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात घट्ट रोवलेला, त्यावर सोन्याची चकती, चकतीवर वरचा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. एक घाव, एक नाणं. दिवसभर हेच. त्यामुळे कुठे फूल अर्धंच उमटलंय, कुठे अक्षरं सरकलीत, कुठे नाणं नीट गोल नाही. संग्राहकांना तर याच गोष्टीचं कौतुक. तेव्हाच्या दोन नाण्यांचे चेहरे कधीच तंतोतंत सारखे नसत, तुमच्या वर्गातल्या जुळ्या भावांसारखे. बाईंना सुरुवातीला फरक कळत नाही, मग कळू लागतो.

पण वाकड्यातिकड्या कडेमुळे चोरांचं फावलं. कडेची जरा जरा किनार कात्रीने कापून घ्यायची आणि नाणं पुन्हा बाजारात सोडून द्यायचं. अशा पन्नास-शंभर नाण्यांच्या कातरणाचं चांगलं सोनं जमे. पकडला गेला तर भयंकर शिक्षा होई, तरी लोक करतच. म्हणून प्रत्येक शहाण्या व्यापाऱ्याजवळ लाकडी पेटीत एक छोटा तराजू आणि एक्यूच्या वजनाची पितळी वजनं असत. नाणं हातात आलं की आधी तराजूत. राजाचा मुकुट आणि आकाशातला सूर्य दोन्ही नाण्यावर असले तरी व्यापारी विश्वास ठेवी तो तराजूवर.

आणि समजा टांकसाळीतच लबाडी झाली तर? फ्रान्समध्ये टांकसाळी एक-दोन नव्हे, चांगल्या डझनाहून जास्त होत्या. सगळीकडे ठसा सारखाच. मग कमी सोन्याचं नाणं सापडलं तर कान कुणाचा पकडायचा?

यावर फ्रेंचांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. १३८९ साली, सहाव्या चार्ल्स राजाच्या वेळी, त्यांनी 'गुप्त टिंब' सुरू केलं. नाण्याच्या कडेने जो मजकूर असतो त्यातल्या एका ठरावीक अक्षराखाली बारीकसं टिंब द्यायचं. प्रत्येक टांकसाळीला अक्षराचा क्रमांक नेमून दिलेला. पाचव्या अक्षराखाली टिंब असेल तर तुलूझ शहराची टांकसाळ. बाराव्याखाली असेल तर लियों. पंधराव्याखाली रुआं. अठराव्याखाली पॅरिस.

करून पाहू या. फ्रान्स्वा पहिला या राजाच्या एक्यूवर छाप्याच्या बाजूला लॅटिनमध्ये लिहिलेलं असतं : फ्रान्सिस्कुस देई ग्रातिआ फ्रान्कोरुम रेक्स. म्हणजे 'देवाच्या कृपेने फ्रेंचांचा राजा फ्रान्स्वा'. वहीत रोमन अक्षरं लिहा. पहिला शब्द : एफ, आर, ए, एन, सी, आय, एस, सी, व्ही, एस. (त्या काळी 'यू'च्या जागी 'व्ही'च लिहीत.) झाली दहा. दुसरा शब्द : डी, ई, आय. तेरा. तिसरा : जी, आर, ए, टी, आय, ए. एकोणीस. आता बारावं अक्षर कोणतं? दुसऱ्या शब्दातला 'ई'. त्याच्याखाली टिंब दिसलं की समजायचं, हे नाणं लियोंमध्ये घडलं. तिसऱ्या शब्दातल्या 'आय'खाली दिसलं तर पॅरिसमध्ये.

बाजारातल्या साध्या माणसाला हे टिंब दिसतही नसे. दिसलंच तर घाण वाटे. पण तपासणाऱ्याला बरोबर कळे. पुढे १५४० साली याच फ्रान्स्वाने ठरवलं की लपवाछपवी पुरे, आता प्रत्येक टांकसाळीला उघड एक अक्षर. पॅरिसला 'ए', रुआंला 'बी', लियोंला 'डी'. पॅरिसचं ते 'ए' फ्रेंच नाण्यांवर कित्येक शतकं टिकलं.

आपल्याकडेही हे आहे, बरं का. मघाची नाणी पुन्हा हातात घ्या आणि सालाच्या आकड्याखाली बारीक पाहा. चौकटीच्या आकाराची खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. चांदणी असेल तर हैदराबाद. टिंब असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता.

आता गोष्ट. या नाण्यांची गोष्ट सांगायची तर बिदासोआ नदीवर जावं लागतं. फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवरची ही लहानशी नदी.

फ्रान्स्वा राजा १५१५ साली गादीवर आला. शूर, हौशी, लढाईची भारी खुमखुमी. २४ फेब्रुवारी १५२५ रोजी इटलीतल्या पाविया गावापाशी त्याची सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेशी लढाई झाली. हा चार्ल्स स्पेनचाही राजा होता. लढाईत फ्रान्स्वा हरला, नुसता हरला नाही, जिवंत सापडला. त्याला स्पेनमध्ये माद्रिदला नेऊन कैदेत ठेवलं. सुटकेसाठी त्याने चार्ल्सच्या अटी कबूल केल्या, मोठा मुलूख द्यायचं वचन दिलं. पण वचन पाळील याची हमी काय? चार्ल्सने हमी मागितली : तुझे दोन मुलगे.

१७ मार्च १५२६. बिदासोआ नदीच्या मधोमध एक तराफा नांगरून ठेवलेला होता. स्पेनच्या काठावरून एका नावेतून राजा निघाला. फ्रान्सच्या काठावरून दुसऱ्या नावेतून दोन मुलं निघाली. थोरला फ्रान्स्वा, वडिलांच्याच नावाचा, वय वर्षं आठ. धाकटा हेन्री, सातवा वाढदिवस दोन आठवड्यांवर आलेला. तराफ्यावर अदलाबदल झाली. राजा आपल्या काठाला लागला, मुलं परक्या काठाला.

आणि फ्रान्सला पोहोचल्यावर राजाने सांगितलं, 'कैदेत असताना जबरदस्तीने घेतलेलं वचन मी मानत नाही.'

मुलं तिकडेच राहिली. एक वर्ष नाही, दोन नाही, चार वर्षांहून जास्त. राजा वचनाला जागत नाही म्हटल्यावर मुलांची बडदास्तही कमी होत गेली. बरोबरची फ्रेंच माणसं काढून घेतली. पेद्रासा नावाच्या डोंगरी किल्ल्यात त्यांना ठेवलं. १५२९ साली त्यांच्या आजीचा माणूस त्यांना भेटायला गेला तेव्हा ती एका अंधाऱ्या खोलीत होती, खिडकी उंचावर आणि गजांची. तो थोरल्याशी फ्रेंचमध्ये बोलू लागला तर त्या मुलाला आपलीच भाषा नीट समजेना. स्पॅनिशमध्ये सांगावं लागलं.

ही गोष्ट मी आमच्या चौथीच्या वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, मग बाबाच का नाही राहिले तिथं?" मी म्हटलं, राजा नसेल तर राज्य कोण चालवणार, पैसा कोण उभा करणार, पुन्हा लढाई झाली तर कोण लढणार. पुस्तकात उत्तर असंच आहे. ती खाली बसली, पण तिला ते पटलेलं नव्हतं हे मला दिसत होतं. तास संपल्यावर मलाही ते फारसं पटेना.

शेवटी १५२९ च्या ऑगस्टमध्ये कॉम्ब्रे गावी तह झाला. तो राजांनी नाही, दोन बायकांनी केला. एक फ्रान्स्वाची आई आणि दुसरी चार्ल्सची आत्या. म्हणून त्याला 'बायकांचा तह' म्हणतात. ठरलं असं की फ्रान्सने मुलांच्या बदल्यात वीस लाख सूर्याचे एक्यू द्यायचे. त्यातले बारा लाख रोख, मुलं परत मिळताना. बाकीची रक्कम जमिनी आणि जुनी कर्जं यांतून फेडायची, त्या वकिली भानगडीत आपण शिरायला नको.

बारा लाख सोन्याची नाणी! मघाचं वजन आठवतंय ना? ३.४ गुणिले १२ लाख करा. चार हजार किलोंच्या वर येतं. चार टनांहून जास्त सोनं. ते सगळं वितळवून एक ठोकळा केला असता तर तो दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच झाला असता, तुमच्या शाळेतल्या टेबलाखाली मावेल एवढाच. पण तो उचलायला हत्तीच लागला असता. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता न जेवता ही नाणी कुणी मोजली असती तर जवळजवळ चौदा दिवस लागले असते.

आणि स्पेनची माणसं नुसती मोजणार थोडीच! त्यांचे पारखी सीमेवर येऊन बसले. वजन करायचं, कस लावायचा, पेटीत भरायचं, दोन्ही बाजूंनी मोहर लावायची. याला महिने लागले. आणि बाहेर काय आलं? नाण्यांत खोट निघाली. ठरल्यापेक्षा सोनं कमी भरलं. राजाच्या नाण्यांतच! फ्रान्सला ती तूट आणखी नाणी घालून भरून द्यावी लागली. इकडे सरदार, धर्मपीठं, शहरं यांच्याकडून वर्गणी गोळा करून करून राज्य मेटाकुटीला आलेलं. तारखा पुढे ढकलल्या जात होत्या. मुलं थांबलेली होती.

१ जुलै १५३०. पुन्हा तीच नदी, पुन्हा मधोमध तराफा. या वेळी एका नावेत मुलं आणि दुसऱ्या नावेत सोन्याच्या पेट्या. अदलाबदल झाली. थोरला आता बारा वर्षांचा होता, धाकटा अकरा.

थोरला पुढे १५३६ मध्ये वारला. त्यामुळे १५४७ साली गादीवर बसला तो धाकटा, हेन्री दुसरा. फ्रेंच लोक त्याला 'आंरी' म्हणतात. आणि आता पाहा, या राजाने काय काय केलं. सोन्याच्या नाण्यांवर नियमाने राजाचा चेहरा आणला. नावापुढे 'दुसरा' हा क्रमांक घालायला लावला. साल घालायला लावलं. तोवर फ्रेंच नाण्यांवर साल जवळजवळ नसेच. त्याआधी राणी ॲनने १४९८ साली ब्रिटनी प्रांतात काढलेलं एक सोन्याचं नाणं आहे, त्यावर साल आहे. फ्रान्समधलं साल घातलेलं पहिलं नाणं म्हणून ते ओळखलं जातं आणि संग्राहक त्याच्या नुसत्या फोटोकडेही टक लावून बसतात.

शिवाय हेन्रीने जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहराहून नवी यंत्रं आणवली. सीन नदीतल्या बेटाच्या टोकाला, पॅरिसमध्येच, १५५१-५२ च्या सुमारास ती बसवली. पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या रुळांतून सोन्याची पट्टी सारख्या जाडीची निघे, छिन्नीच्या यंत्राने चकत्या सारख्या कापल्या जात आणि मोठ्या स्क्रूच्या दाबयंत्राखाली नाणं उमटे. गोल, रेखीव, कडा सरळ. असं नाणं कातरलं तर लगेच दिसणार!

सोन्याच्या खोट्या-खऱ्या नाण्यांची पारख होईपर्यंत जो मुलगा किल्ल्यात वाट पाहत बसला होता, त्यानेच मोठेपणी सारखी, कातरता न येणारी नाणी काढायला घेतली. या दोन गोष्टींचा संबंध असं इतिहासकार सांगत नाहीत, हं. हेन्रीच्या आधीपासून इतर देशांत अशी यंत्रं होतीच. पण त्याचं नाणं पाहताना माझ्या मनात तो अकरा वर्षांचा मुलगा येतोच, त्याला माझा इलाज नाही.

यंत्र मात्र फार काळ टिकलं नाही. घण घालून नाणी पाडणाऱ्या कारागिरांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, आणि यंत्राचा खर्चही अफाट होता. काही वर्षांत घण पुन्हा आला, यंत्राला पदकं-बिल्ले करायचं काम उरलं. यंत्राची नाणी फ्रान्समध्ये कायमची आली ती १६४० नंतर, तेराव्या लुईच्या राज्यात.

आता आपल्या पोस्टकार्डवाल्याचा प्रश्न. जमवतात म्हणजे काय करतात?

जमवायचा नाद या नाण्यांच्याच काळातला आहे. पेट्रार्क हा इटालियन कवी जुनी रोमन नाणी गोळा करी आणि १३५४ साली त्याने त्यातली काही चौथ्या चार्ल्स सम्राटाला भेट दिली होती. हे पाहा, पूर्वीचे राजे असे होते, तुम्हीही तसे व्हा, असा त्याचा रोख. फ्रान्समध्ये ग्योम ब्युदे या पंडिताने प्राचीन रोमन नाणी आणि वजनं यांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १५१५ मध्ये, फ्रान्स्वा गादीवर आला त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. राजांच्या स्वतःच्या संग्रहातून वाढलेला नाण्यांचा खजिना आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

आजचा संग्राहक काय करतो? कुणी राजांच्या क्रमाने जातो. कुणी एकच नाणं घेतो, पण वेगवेगळ्या टांकसाळींचं, आणि भिंगाखाली टिंबं मोजत बसतो. कुणी प्राण्यांच्या मागे. बाराव्या लुईचं चिन्ह होतं साळिंदर, म्हणून १५०७ साली त्याने ढालीच्या दोन्ही बाजूंना साळिंदर उभे केलेला एक्यू काढला. फ्रान्स्वाचं चिन्ह सॅलमँडर, दिसतो सरड्यासारखा पण बेडकाच्या नात्यातला. तेव्हाच्या लोकांची समजूत अशी की तो आगीतही जळत नाही. त्याच्या काही नाण्यांवर तो आहे. दोफिने प्रांतातल्या एक्यूवर तर डॉल्फिन मासे दिसतात, आणि गंमत म्हणजे फ्रान्सच्या युवराजाला 'दोफां' म्हणजे डॉल्फिनच म्हणत. किल्ल्यात अडकलेला तो थोरला मुलगा, तोही दोफां.

नाणं विकत घेण्याआधी संग्राहक पारख्यासारखाच वागतो. वजन बघतो. कड कातरली आहे का बघतो. अक्षरांचं वळण त्या काळचं आहे का बघतो, कारण नकली नाणी तेव्हाही होती, आजही आहेत. डाक लावल्याची खूण शोधतो, कारण कितीतरी एक्यू पुढे कुणाच्या तरी गळ्यात पदक म्हणून गेले, कडी लावली गेली, मग कुणी ती काढून टाकली. आणि जे उरलेत ते नशिबानेच. प्रत्येक नवा राजा जुनी नाणी वितळवून नवी पाडी. त्या बारा लाखांतली कितीशी वितळायची राहिली असतील?

किंमत? नेहमीच्या प्रकारचा फ्रान्स्वाचा एक्यू युरोपातल्या लिलावात साधारण हजार-दीड हजार युरोंच्या घरात जातो, म्हणजे आपले लाखाच्या वर. दुर्मीळ टांकसाळीचा असेल तर त्याहून कितीतरी पुढे. त्यात सोन्याची किंमत थोडी. बाकीची त्या टिंबाची, अक्षराची आणि टिकून राहिल्याची.

पालकांसाठी दोन ओळी. मुलाने हे वाचून सोन्याच्या नाण्याचा हट्ट धरला तर दचकू नका. टांकसाळीची खूण ओळखायला रुपयाही पुरतो आणि भिंग बाजारात स्वस्त मिळतं. आमच्या शाळेतल्या एका मुलाकडे चारही टांकसाळींची नाणी आहेत, एकूण भांडवल सात रुपये. मात्र एक करा. घरात आजीच्या पेटीतली जुनी नाणी असतील तर ती चिंचेने किंवा पितांबरीने घासू देऊ नका. लख्ख होतात खरी, पण अक्षरांची टोकं झिजतात आणि बारीक टिंब तर कायमचं जातं. नाणं कडेला धरायचं, मऊ कापडावर ठेवायचं, कागदी पाकिटात घालायचं आणि पाकिटावर कुठून मिळालं, कधी मिळालं ते लिहायचं. बस्स.

आता तुमच्यासाठी कोडं. बाराव्या लुईच्या एक्यूवर मजकूर असतो : लुदोविकुस देई ग्रातिआ फ्रान्कोरुम रेक्स. पहिल्या शब्दाची रोमन अक्षरं : एल, व्ही, डी, ओ, व्ही, आय, सी, व्ही, एस. पुढचे दोन शब्द वर दिलेलेच. एका नाण्यावर तिसऱ्या शब्दातल्या पहिल्या 'ए'खाली टिंब आहे. हे नाणं कोणत्या शहरात घडलं? आणि हाच एक्यू पॅरिसमध्ये घडला असता तर टिंब कुठे आलं असतं?

उत्तर पोस्टकार्डावर, स्वच्छ अक्षरात, नाव-इयत्ता लिहून पाठवा. तुमच्या रुपयावर कोणती खूण निघाली तेही कळवा. कुणाकुणाकडे चांदणी आहे ते मला बघायचंय.

— तुमच्या बाई